खंडोबाचं फिरतं देवघर आणि चौसष्ट प्रश्न

रेजिना,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपलं भांडण चौथ्याऐवजी तिसऱ्याच मिनिटाला सुरू झालं, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा मोठाच गुण आहे.

तर कळवायचं ते असं की गाडी पूर्ण झाली. तू जिला "घोड्यांचा डबा" म्हणतेस ती. पुन्हा नीट सांगतो, म्हणजे ओटावाच्या मैत्रिणींना तू भलतंच सांगणार नाहीस. ट्रकमागे जोडून ओढायची गाडी, तिच्यात मागे दोन घोडे तिरके उभे राहतील असा कप्पा. पुढे माणसांना राहायची खोली: ओटा, सिंक, छोटी वॉशरूम, आणि ट्रकच्या पाठीवर टेकणारं जे नाकाड असतं त्यात दोघांचा पलंग. लांबी अठ्ठावीस फूट चार इंच. कागदपत्रांत नुसतं अठ्ठावीस लिहिलंय, ते चूक आहे. मी तीनदा मोजली.

लिलावात घेतली तेव्हा छतातून आभाळ दिसत होतं. आज पाईप लावून तासभर पाणी मारलं, थेंब नाही. तीन वर्षं इमारत-तपासणीच्या ऑफिसातून आल्यावर आणि शनिवार-रविवार, कुठल्याही कॉलेजात न जाता, वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग सगळं पुस्तकं वाचून आणि व्हिडिओ बघून शिकलो. दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत सरकती खिडकी ठेवली आहे, राहणाऱ्याला आतूनच घोड्याची चौकशी करता यावी म्हणून.

आता खरी गोष्ट. त्या खिडकीखालच्या फळीवर देवघर आहे, आणि त्यात आईने दिलेला खंडोबाचा टाक. घोड्यांची गाडी, आणि आपला देव घोड्यावर बसणारा. दुसरीकडे कुठे ठेवणार होतो? पण गाडी वळली की पूर्व दिशा सरकते. म्हणून देवघर फिरत्या चकतीवर बसवलं, खाली जुन्या प्रिंटरची मोटर आणि मोडक्या ड्रोनमधलं होकायंत्र. गाडी कुठेही वळो, देवाचं तोंड पूर्वेला. चकती फिरली की वरची घंटा आपोआप वाजते. असं कॅनडात दुसऱ्या कुणाकडे असेल तर मला कळव.

भाड्याने देण्यासाठी एकेचाळीस पानी माहितीपुस्तिका आणि चौसष्ट प्रश्नांचा अर्ज तयार केला आहे. ऊर्मीने तो वाचून इंग्रजीत मत दिलं की डॅड, लोक घोडा घेऊन जाणार आहेत, अंतराळात नाही. आतापर्यंत तीन अर्ज आले, तिन्ही मी नामंजूर केले. पहिल्याने मोजमाप "साधारण" असं लिहिलं होतं. दुसऱ्याने प्रश्न एकोणिसावा सोडला. तिसरी बाई चांगली होती, पण तिने आत बघायला येताना ओले बूट काढले नाहीत.

यावर देवयानीचं म्हणणं असं की तिची कार तीन हिवाळे ड्राइव्हवेच्या टोकाला बर्फात उभी आहे, आणि गाडीभोवतीचा बर्फ शोव्हल करायला तिलाच लागतो. तिने मुदत घातली आहे. दसऱ्यापर्यंत एक तरी माणूस ही गाडी नेऊन, परत आणून, समाधानाची सही देऊन गेला तर ठीक. नाही तर दसऱ्याला गाडी परीक्षितच्या ताब्यात. हा पुण्याचा मुलगा, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्याला तिच्यात मिसळीची गाडी काढायची आहे. ताई, जिथे घोडा उभा राहायचा तिथे तर्री उकळणार. मला जेवण जात नाही.

पुस्तिका सोबत आहे. तू आयुष्यभर केंद्र सरकारचे फॉर्म तपासलेस, म्हणून एकदा नजर टाक. फक्त शुद्धलेखनावर.

कळावे. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा
नंदू

---

कनाटा, ओटावा
२६ ऑगस्ट २०२५

चि. नंदूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तिका पोचली. पोस्टमन ती दाराशी ठेवून गेला, पेटीत मावली नाही. मी सरकारात एकतीस वर्षं काढली, पण नागरिकाला एवढा छळणारा अर्ज माझ्या हाताखालून गेला नव्हता. प्रश्न तेवीस विचारतो की अर्जदार भांडी घासताना पाणी चालू ठेवतो का. प्रश्न चाळीस विचारतो की घोड्याचा स्वभाव एका शब्दात सांगा, आणि एक्केचाळीस विचारतो की तोच शब्द का. अरे, घोडा आहे की जावई?

माझा सल्ला: सहा प्रश्न ठेव. नाव, पत्ता, परवाना, विमा, कधी नेणार, कधी आणणार.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुझ्या चौसष्टांत नाही. अर्ज भरणाऱ्याबरोबर घोडा येईल. त्याचं काय करणार आहेस? नागपूर स्टेशनबाहेर त्या टांग्याच्या घोड्याने तुझ्या डोक्यावरची टोपी दातांनी ओढली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून तू मारुतीला जितक्या जवळून नमस्कार करतोस त्याच्या दसपट लांबून घोड्याला करतोस. तुझ्या लग्नात सासऱ्यांनी हौसेने घोडा आणला, तर पाय मुरगळल्याचं सांगून फियाटमध्ये बसलास. कुलदैवत घोड्यावर आणि भक्त फियाटमध्ये, असं बाबा मरेपर्यंत सांगत होते. असा माणूस तीन वर्षं घोड्याचं घर बांधतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

त्या टोपीचं जाऊ दे. जुनी गोष्ट आहे, आता त्यात शिरायला नको.

देवयानीचं मला पटतं. तिला सांग, मिसळ चांगली असेल तर मी विमानाने येईन. इथे उकाडा आहे, कंबर ठीक, गुडघे नाहीत. ओ-ट्रेनने हिंडते, ती येते तेव्हा.

शुद्धलेखनाच्या चुका: अकरा. पान क्रमांक वेगळ्या कागदावर दिले आहेत.

तुझ्यावर लोभ आहेच, तू त्याचं माप घेऊ नयेस एवढीच इच्छा.

तुझी
सुनेत्राताई

---

रेजिना,
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अकरापैकी नऊ चुका मान्य. दोन तुझ्या आहेत, पुराव्यासाठी शब्दकोशाच्या पानाचा फोटो जोडला आहे.

तुझा सल्ला मनावर घेऊन तीन प्रश्न कमी केले. आता एकसष्ट. पण ज्यासाठी लिहितोय ते असं: चौथी व्यक्ती आली. नाव कॅरल. वय अडुसष्ट. लम्सडेनच्या पलीकडे दरीच्या काठावर तिचं शेत आहे. उंच, वाकलेली, आणि बोलताना शब्द मोजून देते. ती दरवर्षी सप्टेंबर अखेरीस आपली घोडी पेनी हिला घेऊन सायप्रेस हिल्सला जाते, आठवडाभर टेकड्यांतून फिरते. इतकी वर्षं तंबूत झोपायची. यंदा डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला मनाई केली. तिच्या स्वतःच्या गाडीत पलंग नाही, म्हणून माझी हवी आहे. पेनी बावीस वर्षांची, म्हणजे घोड्यांत आजी. त्यामुळे यंदाची फेरी कदाचित शेवटची, असं ती म्हणाली, आणि लगेच टायरमधल्या हवेबद्दल विचारलं.

मी तिला अर्ज दिला. तिने तो हातात तोलून पाहिला आणि परत दिला. म्हणाली की तिच्या घरात गाडी पसंत करायचं काम घोडी करते; पेनी आपणहून चढली तर गाडी घेईन, नाही चढली तर तुझ्या एकसष्ट उत्तरांचा तिला उपयोग नाही. ताई, मला राग यायला हवा होता. पण माझ्या मनात आलं की ही बाई माझ्याहून कडक आहे. आणि दसऱ्याला बावीस दिवस उरले आहेत.

तर शनिवारी, वीस तारखेला, मी माझ्या पिकअपने गाडी तिच्या शेतावर नेतोय. देवयानीही येते म्हणाली. निघण्याआधी खंडोबापुढे भंडारा वाहीन, खोबऱ्याच्या वाटीत थोडा भरूनही ठेवीन. एवढ्या लांबच्या पहिल्या प्रवासाला देवाला उपाशी पाठवणं बरं दिसत नाही.

घोड्याच्या बाबतीत तू काळजी करू नकोस. मालकाने घोड्याच्या जवळ जायचं नसतंच. तशी तरतूद पान सातवर आहे.

पत्राची वाट बघतो, पण शब्दकोशावर वाद नको.

तुझा
नंदू

---

रेजिना,
२३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वन्संना देवयानीचा सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला शनिवारचा वृत्तांत कळवला असेल तर त्यात "चाचणी यशस्वी" एवढंच असेल. म्हणून मी वेगळं लिहिते. यांना सांगू नका.

आम्ही चारला पोचलो. कॅरलबाईंनी पेनीला आणलं. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, चालणं एकदम खानदानी. यांनी रॅम्प खाली सोडला आणि स्वतः गाडीच्या पार पुढच्या टोकाला, गॅसच्या दोन टाक्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून पुस्तिकेतलं "घोडा चढवण्याची पद्धत, पायऱ्या एक ते चौदा" मोठ्याने वाचत होते. पेनी रॅम्पपाशी आली, तो हुंगला आणि थांबली. पहिल्या पायरीपासून चौदाव्यापर्यंत ती जागची हलली नाही. कॅरलबाईंनी ओढलं नाही की ओरडल्या नाहीत, शेजारी नुसत्या उभ्या. एक तास गेला, दीड गेला. यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून वाचायला घेतलं.

वन्सं, यांचा चेहरा बघवेना. तीन वर्षं या माणसाने एकेक स्क्रू हाताने घासून लावला. ती घोडी परत फिरली असती तर हे घरी येऊन लांबी पुन्हा मोजत बसले असते.

दिवेलागण झाली. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी खोलीत गेले, देवापुढचा बॅटरीचा दिवा लावला (ज्योत लावायला पान दोनवर बंदी आहे) आणि रोजच्यासारखी घंटा वाजवली. बाहेर टाप वाजली. मग दुसरी. मी खिडकीतून बघते तर पेनी कान टवकारून रॅम्प चढून आत आली, खिडकीशी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे असं बघू लागली की आता काढ काय काढायचं ते.

कॅरलबाई म्हणाल्या की त्यांचे वडील ओसरीवर घंटा वाजवून घोड्यांना ओट्स घालायचे. पेनी शिंगरू असताना ते होते. ते गेले, घंटा विकली गेली, पण ती विसरली नाही. बाई मग बराच वेळ खोगिराचा पट्टा नीट करत राहिल्या. तो नीटच होता.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. एक तारखेला परत येतील. सही मिळाली तर मिळाली.

आता खरं सांगते, मला ती गाडी विकायची नाही. मिसळ मीही करू शकते. पण तीन वर्षं ती ड्राइव्हवेत उभी राहून यांची वाट अडवून बसली होती, माझ्या कारची नाही. एकदा कुणाच्या तरी हाती देऊन बघावी असं वाटलं, म्हणून दसऱ्याची मुदत घातली.

एक विचारायचं होतं. त्या घोडीने मान वळवली तर हे एवढे पांढरे का पडतात? टोपीची गोष्ट मला माहीत आहे, पण नुसती टोपी ओढली म्हणून पन्नास वर्षं?

नवरात्र बसलं. तब्येत सांभाळा, आणि या मुलीला विसरू नका.

तुमची
देवयानी

---

रेजिना,
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी सगळं जसं घडलं तसं लिहिणार आहे, क्रमाने, माझ्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींसकट.

बुधवारी खंडेनवमी. सकाळी माझी सगळी हत्यारं, पाने, टेप, पाणसळ, अगदी तपासणीची यादी अडकवायची पाटीसुद्धा, पाटावर मांडून पूजा केली. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही हे तुला माहीतच आहे. आणि दुपारी एकला कॅरलचा फोन. म्हणाली, शेतावर ये, घोडी उतरवण्याआधी तू स्वतः बघावंस असं काही आहे. देवयानीला घेऊन लगेच निघालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी तपासणीला टेपशिवाय गेलो.

शेतावर पोचलो. आतून खिडकी सरकवली तर पेनीचं तोंड पिवळंधमक. नाकपुड्यांपासून डोळ्यांपर्यंत भंडारा. देवयानीने आपोआप हात जोडले.

झालं होतं असं. इथून मेपल क्रीकपर्यंत रस्ता सरळ आहे, सस्कॅचेवानमध्ये वळण म्हणजे बातमी असते. साडेतीनशे किलोमीटरांत घंटा फक्त सहा वेळा वाजली. माझी रचना इथवर अचूक होती. पण पुढे सायप्रेस हिल्सचा रस्ता साप वळावा तसा वळतो. तिथे देवघर भिरभिरायला लागलं आणि घंटा थांबेना. पेनीच्या हिशोबाने प्रत्येक घंटेला ओट्स यायला हवे होते. ओट्स येईनात, तेव्हा तिने ओठांनी खिडकी सरकवली. खिडकीची कडी मी माणसाच्या बोटांसाठी केली होती. घोड्याच्या ओठांचा विचार केला नव्हता, कारण ते जवळून कधी बघितलेच नव्हते. मग तिने मान आत घालून खोबऱ्याची वाटी खाल्ली, झेंडूची माळ खाल्ली, आणि उरलेल्या भंडाऱ्यात तोंड बुडवलं. सागवानी चौकटीवर दातांच्या खुणा आहेत, चार. टाकाला धक्का नाही.

कॅरलला वाटलं काविळीने घोडी गेली. तिने तशीच गाडी वळवून मेपल क्रीकच्या व्हेटकडे नेली. त्याने बोट लावून वास घेतला आणि विचारलं की तुम्ही हिला बटर चिकन का चारताय. पुढे रोज ती पुसायची आणि प्रत्येक फेरीत पेनी पुन्हा पिवळी व्हायची, कारण भंडारा फळीच्या फटीत गेला होता.

मी ऐकून घेतलं. हातात टेप नाही, लिहायला पाटी नाही, त्यामुळे नुसतं ऐकणंच हाती होतं. मग मी कॅरलला म्हणालो की चूक माझी आहे, अर्ज परत घेतो, उद्या दसऱ्याला गाडी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल आणि तिथे घोड्यांचा संबंध येणार नाही. परीक्षितला फोन करायला खिशात हातही घातला होता.

कॅरल म्हणाली की तिने आठवडाभर माझी एकेचाळीस पानं वाचली. त्या पलंगावर पाठ टेकली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला दुपारी झोप लागली, सिंकचा नळ गळत नाही, आणि पेनी दर वेळी आपणहून चढली. तिच्या मते घोड्याचा एवढा विचार केलेली गाडी तिने बघितली नव्हती, आणि घोड्याला एवढा घाबरणारा माणूसही. मी गॅसच्या टाक्यांमागे उभा होतो ते तिला दिसलं होतं म्हणे. तर ती सही करेल, पुढच्या वर्षासाठीही नाव लिहील, पण तिचाही एक प्रश्न आहे, एकच. ते शब्द तिच्याच तोंडचे देतो: "तू तिला खाली घेऊन येशील का?"

आणि दोर माझ्या हातात दिला.

ताई, मी पान सात आठवून पाहिलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. देवयानी जवळ आली आणि पर्समधली पुडी माझ्या तळहातावर रिकामी केली. गूळ होता, पूजेचा. म्हणाली की काही बोलू नका, हात सपाट ठेवा.

मी आत गेलो. केवढी मोठी असते ती. तिने मान खाली केली आणि माझ्या हातावरून गूळ उचलला. चावली नाही. ओठ असे मऊ, जसे सकाळच्या भाकरीचा पापुद्रा. मग तिने माझ्या शर्टाला तोंड पुसलं आणि मी पिवळा झालो. आम्ही दोघं रॅम्पवरून खाली आलो. सतरा पावलं. मी मोजली नव्हती, देवयानीने मोजली.

कॅरलने सही केली. अर्ज एकसष्ट प्रश्नांचा, उत्तर एकही नाही, खाली सही. मी मंजूर केला. दसऱ्याला परीक्षित आला तेव्हा देवयानीने त्याला जेवायला बसवलं आणि मिसळ तिने केली. त्याने दोनदा रस्सा घेतला आणि गाडीबद्दल काही विचारलं नाही. गाडी आता कॅरलच्या कोठारात राहील हिवाळाभर, विंटर टायर लावायलाही ड्राइव्हवे मोकळा.

कडी बदलणार आहे. घंटा काढायची नाही, अशी पेनीकडून अट आहे. चार दातांच्या खुणा पॉलिश करून घालवता येतील. घालवणार नाही.

घोड्याला गूळ एवढा आवडतो हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुला माहीत होतं का?

उत्तर लवकर दे, आणि या वेळी चुका काढल्यास तरी चालेल.

तुझा
नंदू

---

कनाटा, ओटावा
१३ ऑक्टोबर २०२५

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

या पत्रासोबत तुझा अर्ज भरून पाठवत आहे. जूनमध्ये पंधरा दिवस मला तुझी गाडी हवी आहे. घोडा माझ्याकडे नाही. नुसती पुढची खोली, पलंग आणि देवघर. ओढायला तुझी पिकअप आणि चालवायला तू. देवयानी मागे बसेल, नाही तर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला सुरू करू. एकसष्टही उत्तरं दिली आहेत. "साधारण" कुठेही लिहिलेलं नाही. भांडी घासताना मी पाणी बंद ठेवते.

प्रश्न अठ्ठावन्न असा आहे: अर्जदाराच्या हातून पूर्वी कुणाचं नुकसान झालं आहे का? जागा एकाच ओळीची होती, म्हणून उत्तर इथे लिहिते.

झालं आहे. मी नऊ वर्षांची होते, तू सहा. नागपूर स्टेशनबाहेर आपण मामाची वाट बघत होतो. टांग्याचा घोडा मला फार आवडला, पण जवळ जायची हिंमत नव्हती. खिशात गूळ होता. तो घोड्याला द्यावा कसा? मग मी तो तुझ्या टोपीच्या आत ठेवला, टोपी तुझ्या डोक्यावर घातली आणि तुला पुढे ढकललं.

घोड्याने टोपी ओढली नव्हती रे. तो गूळ खात होता. तू किंचाळलास, आईने टांगेवाल्याला बोल लावले, आणि त्याने बिचाऱ्या घोड्याला चाबूक ओढला. मी गप्प राहिले. आधी भीतीने, पुढे सवयीने. देवयानीने मला विचारलं होतं, नुसत्या टोपीमुळे पन्नास वर्षं का. तिला उत्तर द्यायला पेन घेतलं आणि खाली ठेवलं. मग तुझं पत्र आलं, त्यात तळहातावरचा गूळ.

अर्ज नामंजूर केलास तर मला ते नियमाला धरूनच वाटेल.

लोभ ठेवावास असं लिहायला यंदा माझा हात धजत नाही, ठरव तूच.

ताई

---

रेजिना,
बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र कॅरलच्या कोठारात, गाडीच्या खोलीत बसून वाचलं. दोनदा. मग देवयानीला वाचायला दिलं. ती हसायला लागली ती थांबेना, आणि तिचा हात लागून घंटा वाजली, तर बाहेरून पेनी आली. तिलाही सगळं सांगितलं. त्या टांग्याच्या घोड्याच्या वतीने कुणी तरी ऐकून घ्यायला हवं होतं.

अर्जाची पूर्ण छाननी केली. शुद्धलेखनाच्या चुका शून्य. प्रश्न अठ्ठावन्नचं उत्तर दिलेल्या जागेत मावत नसल्याने नियमाप्रमाणे अर्ज अपूर्ण ठरतो. तथापि विशेष बाब म्हणून तो मंजूर करण्यात येत आहे, एका अटीवर.

जूनमध्ये येताना टोपी आण. ती तू घालायचीस. गूळ मी ठेवीन, आणि ढकलीनही मीच.

तुझा
नंदू